शाळेच्या रेसिडेन्शिअल ट्रिपला पहिल्यांदा जाताय? लेक डिस्ट्रिक्टमधला माझा अनुभव

इंग्लंडमध्ये नव्याने शिकवायला आलेल्या किंवा यायच्या तयारीत असलेल्या मराठी शिक्षकांसाठी लिहितेय. 2023 पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना इथलं क्यूटीएस, म्हणजे शिक्षक म्हणून अधिकृत पात्रता, मिळवायचा रस्ता खुला झाला, तेव्हापासून बरेच जण विचारतात, आणि व्हिसा, इंटरव्ह्यू, लेसन प्लॅन सगळ्याची माहिती कुठून ना कुठून मिळते. पण मग एक दिवस स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, "इयर सेव्हनच्या रेसिडेन्शिअलला येशील का?" आणि त्याबद्दल आपल्याला कुणीच काही सांगितलेलं नसतं.

तर रेसिडेन्शिअल म्हणजे 11-12 वर्षांची पोरं घेऊन तीन ते पाच दिवस ॲक्टिव्हिटी सेंटरवर राहायचं. आम्ही लेक डिस्ट्रिक्टला, म्हणजे वायव्य इंग्लंडमधल्या तळ्या-डोंगरांच्या भागात गेलो होतो, सोमवारी निघून शुक्रवारी परत. कनूइंग (छोटी होडी वल्हवणं), दोरीवरून कडा उतरणं, एक दिवस डोंगर, आणि घिल स्क्रॅम्बलिंग, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातून पाण्यातूनच दगड धरत वर चढत जायचं. मला पोहता येत नाही, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. ते कारण मुळीच धरू नका. दोरी, हेल्मेट, बॉयन्सी एड (पाण्यात तरंगवणारं जॅकेट) हे सगळं इन्स्ट्रक्टरचं काम. 1993 मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बेला समुद्रात चार शाळकरी मुलांचा जीव गेला, त्यानंतर 1995 चा कायदा आला, आणि तेव्हापासून पैसे घेऊन 18 वर्षांखालच्या मुलांना क्लाइंबिंग, पाण्यातले खेळ, डोंगरातलं ट्रेकिंग, गुहा असलं करवणाऱ्या सेंटरला लायसन्स लागतं. ते तपासणं, रिस्क असेसमेंट वगैरे ट्रिप लीडर आणि शाळेचे व्हिजिट्स कोऑर्डिनेटर बघतात, पण तुम्हीही ते कागद मागून घ्या आणि खरंच वाचा.

आपलं काम वेगळं आहे आणि ते कुठल्याच इन्स्ट्रक्टरला जमणार नाही, कारण त्याला ही पोरं आज सकाळी भेटलीयेत. कोण घाबरलं की जास्त बडबड करतं, कोण उलट एकदम गप्प होतं, कुणाच्या घरी सध्या काय चाललंय, हे फक्त आपल्याला माहीत असतं. आणि दोन ॲक्टिव्हिटींच्या मधले सगळे तास आपलेच असतात.

माझी चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. डोंगराच्या दिवशी अर्धा तास चढल्यावर वारा सुटला आणि माझ्या ग्रुपमधल्या एका मुलाला खोकला सुरू झाला, श्वास लागायला लागला. त्याला अस्थमा आहे हे मला माहीत होतं, फॉर्मवर होतं, मी स्वतः वाचलेलं. इनहेलर कुठे होता? खाली सेंटरवर, कुलूप लावलेल्या औषधांच्या पेटीत. इन्स्ट्रक्टरने तिथल्या तिथे सगळ्यांना थांबवून ग्रुप शेल्टर काढला, ती भडक केशरी नायलॉनची मोठी पिशवीच असते, सगळ्यांनी गोल बसून डोक्यावरून ओढून घ्यायची. आत दोन मिनिटांत श्वासांनीच ऊब येते. बारा पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, बाहेर नायलॉन फडफडतंय, आणि मी त्या मुलाला ताठ बसवून त्याच्याबरोबर हळूहळू श्वास मोजत होते. आमच्या मागून येणाऱ्या ग्रुपमधल्या शिक्षिकेकडे शाळेचा इमर्जन्सी इनहेलर होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून माझा नियम आहे, निघताना नाव घेऊन विचारायचं आणि इनहेलर, एपिपेन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) हातात घेऊन बघायचं, पेटीत आहे एवढं पुरेसं नाही, जिथे मूल तिथे औषध. (आणि मोजणी. बसमध्ये चढताना, उतरताना, टॉयलेटनंतर, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.)

कपड्यांचं थोडक्यात, जीन्स नको, भिजली की जड होते आणि अंगावरच गार पडते. दोन जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. आणि एक बॅग आपण वेगळी भरायची, त्यात नवे मोजे, पायजमे, टॉवेल, कारण काही मुलांकडे यादीतलं सगळं नसतं आणि ती सांगत नाहीत. ठरावीक सरकारी बेनिफिट्स मिळणाऱ्या घरांना बऱ्याचदा राहण्याजेवणाचा खर्च माफ असतो, पण मोजे कुणी देत नाही. ही बॅग सगळ्यांसमोर उघडू नका, "माझ्याकडे जास्तीचे आहेत, घे" एवढंच.

रात्री मात्र खूप लांब असतात. पहिल्या रात्री कुणीच झोपत नाही हे धरूनच चाला. पावणेदोनला मला एक मुलगी जिन्यात बसलेली दिसली, हातात उशी, रडतही नव्हती. घरी फोन लावून देऊ नका, बहुतेक शाळांमध्ये तो नियमच असतो आणि आईचा आवाज ऐकला की पोरांना आणखीच भरून येतं. मी सहकारी शिक्षिकेला उठवलं, कारण बंद खोलीत एकटीने मुलाबरोबर बसायचं नाही, कधीच नाही, आणि आम्ही तिघी कॉरिडॉरच्या उजेडात बसून उद्या ओढ्यात कुठल्या रंगाचं हेल्मेट घ्यायचं यावर बोलत राहिलो. वीस मिनिटांनी ती आपणहून उठली. कुणी अंथरूण ओलं केलं तर बाकीची नाश्त्याला गेल्यावर चादर बदलायची, त्याबद्दल एक शब्द नाही.

आपल्याकडचे पालक तुम्हालाच गाठून विचारतील, रात्री मुलं-मुली वेगळी ना, जेवणात बीफ नाही ना. नीट उत्तर द्या, खोल्या दाखवणारे फोटो द्या, त्यांच्या काळजीला हसू नका. माझ्या वर्गातल्या दोन मुली या बोलण्यामुळेच येऊ शकल्या.

ओव्हरटाइम मिळत नाही हे आधीच माहीत असू द्या. सरकारी शाळांत शाळा सांगेल त्या कामाचे वर्षाचे 1265 तास ठरलेले असतात आणि शनिवार-रविवारी काम करायची सक्ती करता येत नाही, तेव्हा ट्रिप वीकेंडला असेल तर बदली सुट्टीचं आधीच बोलून घ्या. स्वतःच्या फोनवर मुलांचे फोटो काढू नका, शाळेचा कॅमेरा वापरा.

शुक्रवारी परत आल्यावरही काम संपत नाही. उरलेलं प्रत्येक औषध पालकांच्या हातात देऊन सही घ्यायची आणि शेवटच्या मुलाला न्यायला कुणी येईपर्यंत गेटवर थांबायचं. आमच्या वेळी शेवटच्या मुलाचे पालक पावणेसातला आले, तोपर्यंत तो आणि मी त्याच्या ओल्या कपड्यांच्या पिशवीवर बसून ओढ्यातून आणलेले दगड बघत होतो.