घरी कार्ट्रिज भरताय? मी केलेल्या या चुका टाळा

आमच्याकडं प्रिंटर आला तो पोरीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी, आणि पहिल्या तीन महिन्यांतच कळलं की मशीन एवढं स्वस्त का देतात ते. नवी कार्ट्रिज घ्यायची तर आठ-नऊशे रुपये, आणि आत शाई किती, तर चहाचे एक-दोन चमचे भरतील एवढी. मग इथं कोल्हापुरात राजारामपुरीत जाऊन शाईच्या बाटल्या आणि सिरिंज आणल्या, व्हिडिओ बघितला, म्हटलं ह्यात काय अवघड आहे. त्या रविवारचा गुलाबी डाग अजून डायनिंग टेबलवर आहे, पाहुणे आले की बायको बरोबर त्याच्यावर चिवड्याची बशी ठेवते.

सगळ्यात महागात पडलेली चूक पहिली सांगतो, कारण बाकीच्या सगळ्या निस्तरता येतात, ही येत नाही. कार्ट्रिज पूर्ण कोरडी होईपर्यंत मी प्रिंट काढत राहिलो. पैसे दिलेत तर शेवटचा थेंब वसूल करायचा, असा आपला हिशोब. पण एचपी आणि कॅननच्या साध्या दोन कार्ट्रिजवाल्या प्रिंटरात प्रिंट हेड कार्ट्रिजलाच असतंय, खाली जी बारीक चकचकीत पट्टी दिसते ना, तेच हेड. आत केसाहून बारीक नोझल, म्हणजे शाई बाहेर पडायची भोकं, प्रत्येकाला एक चिमुकला हीटर, तो शाई तापवतो, बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९८४ साली एचपीनं थिंकजेट आणला तेव्हापासून ही आयडिया तीच आहे. आता गंमत अशी की त्या हीटरला थंड ठेवायचं कामपण शाईच करते, त्यामुळं शाई नसताना प्रिंट मारत बसलं की हीटर जळतो, आणि जळालेल्या हेडमध्ये तुम्ही अत्तर भरा नाहीतर शाई, ते काय परत चालू होत नाही. माझी काळी अशीच गेली. तेव्हा अक्षरं फिकट पडायला लागली, मधे पांढऱ्या रेघा आल्या, की तिथंच थांबायचं आणि भरायचं. (एप्सनच्या टाकीवाल्यांचं गणित वेगळं, त्यांचं हेड मशीनमध्ये असतंय.)

दुसरं, शाई घेताना दुकानात नुसतं "काळी द्या" म्हणू नका. मी म्हटलं होतं. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या कार्ट्रिजला पायजे?" मी म्हटलं, "काळी ती काळीच की ओ." तो हसला आणि म्हणाला, "असं नसतंय, आधी नंबर बघून या." बरोबर होतं त्याचं. शाई दोन जातीची, डाय आणि पिगमेंट. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पिगमेंट म्हणजे बारीक कण तरंगत असलेली. कॅननच्या पीजी-७४५ मध्ये काळी पिगमेंट असते आणि सीएल-७४६ मध्ये रंगीत डाय. पिगमेंटच्या कार्ट्रिजमध्ये डाय ओतली की छापतंय बऱ्यापैकी, पण कागदावर पाण्याचा थेंब पडला की अक्षर पसरलंच, आणि आपल्याकडं जुलैमध्ये स्कूटीच्या डिकीत फॉर्म ठेवून ऑफिस गाठणाऱ्याला हे लगेच समजेल. उलटं केलं तर नोझल तुंबतात, आणि दोन्ही एकत्र झाल्या तर गाठी धरायची भीती.

रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन खोल्या असतात, निळा, गुलाबी, पिवळा. वरचं लेबल सोललं की भोकं दिसतात, पण कुठलं भोक कुठल्या रंगाचं हे कार्ट्रिजच्या नंबरप्रमाणं बदलतं, व्हिडिओतल्याची वेगळी, आपली वेगळी. एक टूथपिक घ्या, भोकात हलकेच घाला, बाहेर काढून पांढऱ्या कागदावर टेकवा, जो रंग उमटला ती खोली त्याची. प्रत्येक भोकाला नवी टूथपिक आणि प्रत्येक रंगाला वेगळी सिरिंज. मी पिवळ्यात गुलाबी घातली होती. त्यानंतर पोरीनं सूर्यफूल छापलं ते जास्वंद होऊन बाहेर आलं.

भरताना घाई नको, आतमध्ये स्पंज असतो आणि त्याला शाई प्यायला वेळ लागतो. सुई अलगद आत घालायची, एका वेळी अर्धा-एक मिली, जरा थांबायचं, मग पुढं. भोकापाशी शाई चमकताना दिसली की बास, उलट दोन थेंब परत ओढून घ्यायचे. जास्त झाली की खालनं ठिबकतेच, आणि रंगीत असेल तर एका खोलीतला रंग दुसऱ्यात जातो. मग टिश्यूची चार पदरी घडी करून कार्ट्रिज त्याच्यावर हेड खाली करून अलगद टेकवायची, घासायची नाही. तीन वेगवेगळे स्वच्छ पट्टे उठले तर काम झालं. शेणासारखा एकच रंग उठला तर आत काला झालाय, टिश्यू बदलून परत परत टेकवत राहा, पट्टे वेगळे होईपर्यंत. आणि भरून झाल्यावर भोकांवर सेलोटेप गच्च मारू नका! हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही, दहा पानं छान येतात आणि अकराव्याला गायब. जुनं लेबलच सैल चिकटवा.

भरूनसुद्धा कोरं पान आलं तर घाबरू नका, आत हवा अडकलेली असते. हेड खाली करून ओल्या टिश्यूवर रात्रभर ठेवा. सुकलेल्या हेडसाठी कोमट डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते (ॲसिड नव्हे, नीट मागून घ्या), त्यात फक्त हेड बुडेल एवढंच दोन मिनिटं धरा. लोकं सॅनिटायझर चोळतात, त्यात चिकट जेल असतंय, नको ते. तांब्याचे कॉन्टॅक्ट ओले राहिले तर प्रिंटर कार्ट्रिज ओळखत नाही, पुसून कोरडे करा.

क्लीनिंगचं बटण सारखं दाबू नका. प्रत्येक वेळी ते शाई ओढून खालच्या पॅडमध्ये टाकतंय, म्हणजे सिरिंजनं भरलेली शाई आपणच गटारात घातल्यासारखं. दोनदा करा, फरक नसेल तर थांबा.

"शाई संपली" असा मेसेज येणारच, कारण प्रिंटर आत डोकावून बघत नाही, थेंब मोजत असतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये ओके करून पुढं जाता येतं, कॅननच्या पिक्स्मा मॉडेलमध्ये स्टॉपचं बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरलं की तो मोजणं सोडून देतो. मग शाईकडं लक्ष ठेवायचं काम तुमचं. एचपीत कार्ट्रिज प्रोटेक्शन चालू असेल तर ती कार्ट्रिज त्याच प्रिंटरला बांधली जाते, मेहुण्याच्या मशीनमध्ये घालून बघू म्हटलं तर चालत नाही.

प्रिंटर भिंतीवरच्या स्विचनं बंद करायची सवय आमच्या घरात सगळ्यांना, आईला तर लाईटबिलाची काळजी. पण मशीनवरचं बटण दाबलं तरच कार्ट्रिज बाजूला जाऊन रबराच्या टोपीवर बसते. मधेच लाईट घालवली तर हेड उघडं राहतं, आणि एप्रिल-मे मध्ये चार दिवसांत सुकतं. आधी बटण, मग स्विच.

आणि पावसाळ्यात अक्षरं फुटायला लागली तर शाईला शिव्या द्यायच्या आधी कागद बघा. पंचगंगेचं पाणी वाढलं की घरातले पापडसुद्धा मऊ पडतात, तर रिमचं काय घेऊन बसलात. माझा गठ्ठा आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात असतो.

एवढं करून नोझल चेकमध्ये (प्रिंटर स्वतःच रेघा छापून दाखवतो ते तपासणीचं पान) प्रत्येक वेळी एकाच जागी रेघ तुटत असेल, तर ते हेड दमलंय, नवी आणा. नवी आणली की पहिल्यांदा फिकट रेघ दिसेल त्याच दिवशी भरा, सिरिंज तयार ठेवा.