बुवाऽऽ कुक! बाळाशी लपवालपवी कशी खेळावी

या खेळाला एक मऊ पंचा, खुळखुळा, चेंडू, दोन वाट्या आणि पोट भरलेलं, झोप झालेलं बाळ एवढंच लागतं. भुकेल्या बाळाशी खेळायला गेलात तर रडारडच होणार.

३-४ महिने. बाळासमोर वीत-दीड वीत अंतरावर या. तोंडावर हात घ्या, ‘बुवाऽऽ’ म्हणत राहा, मनात दोन अंक मोजा आणि ‘कुक!’. खरी गंमत त्या मधल्या थांबण्यात आहे. चार दिवसांत बाळ ‘कुक’च्या आधीच पाय झाडायला लागतं. मग थांबणं कमीजास्त करा. ‘भ्भॉक’ करून दचकवायचं मात्र नाही, हे घरातल्या दादा-ताईलाही सांगून ठेवा. बाळानं मान फिरवली की खेळ बंद.

६ महिने. खुळखुळा पंच्याखाली अर्धाच झाका, दांडी बाहेर राहू द्या. तो ओढून काढण्यातच बाळाला पराक्रम वाटतो.

८-९ महिने. आता बाळाच्या देखत खुळखुळा पूर्ण झाका. दिसत नसलेली वस्तू शोधायला मुलं साधारण याच वयात लागतात. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचं निरीक्षण करून हे टिपलं होतं. आई न्हाणीघरात गेली तरी टाहो फुटतो, तोही याच सुमारास. आई आहे, पण इथं नाही, एवढं बाळाला कळायला लागलेलं असतं. म्हणून गुपचूप सटकू नका. सांगून जा आणि दाराआडून आवाज देत राहा.

मग दोन वाट्या. चेंडू दोन-तीनदा डाव्या वाटीखाली लपवा, बाळाला शोधू द्या. नंतर त्याच्या डोळ्यांदेखत उजवीखाली ठेवा. वर्षाच्या आतली बरीच मुलं तरीही डावीच उचलतात! आमची लेक रिकामी वाटी बघून माझ्याकडे अशी पाहायची, जणू चेंडू मीच गिळलाय. लगेच चूक दाखवू नका, जरा शोधू द्या.

चेंडू तोंडात मावणार नाही एवढा मोठा हवा. बाळाच्या तोंडावर घ्यायचं ते पातळ सुती कापडच, तेही क्षणभर. प्लास्टिक अजिबात नको.

चालायला लागल्यावर बाळ स्वतःच लपतं. पडद्याखालून पावलं दिसत असतात, आतून खुदखुद ऐकू येत असते. तरी ‘कुठं गेलं बाई आमचं बाळ?’ म्हणत आधी स्वयंपाकघरात शोधून या.