तिसरी-चौथीच्या मुलांना स्वतःचं लिहायला कसं शिकवायचं

तिसरीच्या वर्गात "माझा आवडता प्राणी" लिहा म्हटलं की निम्म्या वह्यांत एकच वाक्य सापडतं, गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय दोन डोळे. यात मुलांची चूक नाहीये. आपणच फळ्यावर दहा ओळी लिहितो, "उतरवून घ्या" म्हणतो, आणि उतरवणं म्हणजेच लिहिणं असं त्यांच्या डोक्यात बसतं. म्हणून आधी हे बंद करा, फळ्यावरचा निबंध पण आणि गाईडमधला पण, निदान दिवाळीपर्यंत तरी.

त्याऐवजी आधी बोलू द्या. आमच्या वऱ्हाडातल्या वर्गात एका मुलीनं बकरीवर दोनच ओळी लिहिल्या, बकरी पाळीव प्राणी आहे, बकरी दूध देते, संपलं. मी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, तुमच्या घरी आहे ना बकरी, काल काय केलं तिनं? तर पोरगी सुटलीच, रात्री पिल्लं झाली, दोन, एक लगेच उठून दूध प्यायलं, दुसरं उठतच नव्हतं, मग आजीनं त्याला पोत्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवलं, मले झोपच आली नाही. म्हटलं हेच लिही, आत्ता बोललीस तस्संच. ती म्हणाली, "सर, हे लिहायचं असतं?" सात ओळी लिहिल्या तिनं. पोत्यातचं "पोतयात" झालं होतं, पण ते पिल्लू डोळ्यासमोर दिसत होतं.

ते "मले" मी खोडलं नाही, तुम्हीही खोडू नका. घरची बोली पहिल्याच दिवशी लाल पेनानं मारली की मूल परत फळ्याकडे बघायला लागतं. पुस्तकात "मला" असतं हे दोन-तीन महिन्यांनी सांगा, दोन्ही शेजारी लिहून, पोरं पटकन पकडतात.

विषय लहान द्या. "पावसाळा" नको, "काल घरी जाताना काय दिसलं" द्या. "माझी आई" नको, "आई भाकरी कशी करते" द्या, आणि आदल्या दिवशी घरी नीट बघून यायला सांगा, पीठ किती वेळ मळते, थापताना भाकरी परातीत कशी फिरते, पाणी कधी लावते. यात आधी, मग, तेवढ्यात, शेवटी हे शब्द आपोआप लागतात, ते भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा. सुरुवातीला पानभर "आणि मग आणि मग" येणारच, येऊ द्या. नंतर मुलालाच मोठ्यानं वाचायला लावा, श्वास घेतो तिथं पूर्णविराम द्यायचा, एवढंच सांगा.

चुका तपासताना एका आठवड्यात एकच प्रकार धरा, बाकीच्या दिसल्या तरी सोडा, हे आपल्यालाच जड जातं पण करा. मी शेवटच्या अक्षरापासून सुरू करतो, मराठीत शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की तो बहुतेक दीर्घच असतो, पाटी, आई, मी, तू, चालू. एवढ्या एका नियमात पानावरच्या कितीतरी चुका जातात. "आणि", "नि", "परंतु" असे थोडे शब्द याला अपवाद आहेत आणि त्यातला "आणि" मुलं सगळ्यात जास्त वापरतात, म्हणून तो वेगळा पाठ करून घ्या. पुढच्या आठवड्यात मूल-मुलाला, फूल-फुलाला. जोडाक्षरं टाळ्या वाजवून तोडायची, पोत्-यात, म्हणजे अर्धा त कानाला कळतो. अक्षर सुंदर यायची घाई नको, ओळीत आलं आणि वाचता आलं की बास.

रोज दहाच मिनिटं लिहून घ्या, वर तारीख टाकून, एकाच वहीत, आणि तास संपताना दोघांना तरी वाचून दाखवू द्या. वही संपली की रद्दीत टाकू नका, फेब्रुवारीत जुलैचं पान उघडून मुलाच्या समोर ठेवा आणि तेच परत लिहायला सांगा.