बायथलॉनवाल्यांचं करिअर रिझल्ट शीटवरून कसं वाचायचं: डालमायर आणि नॉयनरचं उदाहरण

बायथलॉन म्हणजे स्कीवर पळायचं आणि मधे मधे थांबून रायफलने नेम मारायचा, असा खेळ. त्यातल्या खेळाडूबद्दल काही शोधायला गेलं की सगळीकडे तेच मिळतं, इतकी गोल्ड, इतकी सिल्व्हर, संपलं. आता बघा, जर्मनीच्या लाउरा डालमायरची ऑलिम्पिक गोल्ड 2, माग्डालेना नॉयनरची पण 2. दोघी बव्हेरियातल्या, दोघींचा जन्म गार्मिश-पार्टेनकिर्शनचा, आणि दोघींनी 25 व्या वर्षीच रायफल खाली ठेवली. यादी वाचून वाटेल एकीचीच कॉपी दुसरी. पण रेसचं शीट उघडलं ना, की कळतं दोघींची जिंकायची पद्धत किती वेगळी होती. तर हे शीट वाचायचं कसं ते सांगतो, डालमायरला मधे ठेवून, आणि नॉयनर लागेल तशी येईल.

पहिले शूटिंगचा कॉलम बघायचा. तिथे 0+1+0+2 असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि नवीन माणसाला वाटतं हे पॉइंट आहेत, जास्त म्हणजे चांगलं. उलटं आहे. हे चुकलेले नेम आहेत. प्रत्येक वेळी पाच टार्गेट, 50 मीटरवर, आडवं पडून मारायचं तेव्हा टार्गेट 45 मिलिमीटरचं आणि उभं राहून मारायचं तेव्हा 115 चं. उभ्याचं टार्गेट मोठं म्हणून सोपं असेल असं वाटतं, पण छाती धापतेय, पाय थरथरतायत, रायफल कमीत कमी साडेतीन किलोची, त्यात वारा, त्यामुळे बहुतेकांचं खरं नुकसान उभ्यातच होतं. म्हणून आकड्यांची बेरीज करून थांबू नका, कुठला आकडा आडव्याचा आणि कुठला उभ्याचा ते वेगळं करा. स्प्रिंटमध्ये (छोटी रेस, दोनच शूटिंग) आधी आडवं मग उभं, पर्सूट (पाठलागाची रेस, खाली सांगतो) आणि मास स्टार्टमध्ये (सगळे एकदम सुटतात) दोनदा आडवं मग दोनदा उभं, आणि इंडिव्हिज्युअलमध्ये (एकेकट्याने सुटायची लांब रेस) आलटून पालटून.

रिलेचं शीट मात्र वेगळं वाचायचं. तिथे प्रत्येक शूटिंगला तीन जादा गोळ्या मिळतात, हाताने भरायच्या, आणि 0+2 लिहिलं असेल तर त्याचा अर्थ पेनल्टी शून्य, जादा गोळ्या दोन वापरल्या. हे माहीत नसलं की रिलेतला अगदी बरा खेळलेला माणूस पण वाईट दिसतो.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची: चुकीची किंमत प्रत्येक रेसमध्ये सारखी नसते. स्प्रिंट, पर्सूट, मास स्टार्टमध्ये नेम चुकला की 150 मीटरचा पेनल्टी लूप, म्हणजे साधारण 22 ते 25 सेकंद गेले. इंडिव्हिज्युअलमध्ये (बायकांची 15 किलोमीटर) लूप नाही, सरळ एक मिनिट वेळेत जमा. म्हणजे तीच चूक दुपटीहून महाग. त्यामुळे जिचे पाय फार जोरात चालतात ती लूपवाल्या रेसमध्ये एकदोन चुका स्कीवर भरून काढू शकते, इंडिव्हिज्युअलमध्ये ते फार अवघड जातं.

हे डोक्यात ठेवून नॉयनरची यादी उघडा. वर्ल्ड चॅम्पियनशिपची 17 मेडल, त्यातली 12 गोल्ड, भयंकर रेकॉर्ड. पण कुठल्या रेसची ते लिहून काढा: स्प्रिंट, पर्सूट, मास स्टार्ट, रिले, मिक्स्ड रिले... आणि इंडिव्हिज्युअलचं एकही नाही, ब्राँझ सुद्धा नाही! व्हँकुव्हर 2010 च्या ऑलिम्पिकमध्येही तसंच, पर्सूटचं गोल्ड दोन चुका करून, मास स्टार्टचं पण गोल्ड, स्प्रिंटला सिल्व्हर जिथे अनास्तासिया कुझमिनापेक्षा फक्त दीड सेकंद मागे राहिली, आणि इंडिव्हिज्युअलला रिकाम्या हाताने. ती स्कीवर भन्नाट होती आणि उभ्या शूटिंगला तिचा भरवसा नसायचा, हे कोणी सांगायची गरजच उरत नाही, मेडलच्या खोक्यातच लिहिलंय. तरी यावरून तिला कमी समजायचं काही कारण नाही, 2007 ला अँटहोल्झमध्ये तीन गोल्ड मारली तेव्हा तिचा 20 वा वाढदिवस स्पर्धा चालू असतानाच आला होता.

मग डालमायरचं तेच करा. इंडिव्हिज्युअलला 2016 ओस्लो वर्ल्ड चॅम्पियनशिप ब्राँझ, 2017 होखफिल्त्सन वर्ल्ड चॅम्पियनशिप गोल्ड, 2018 प्योंगचांग ऑलिम्पिक ब्राँझ. तीन वर्षं लागोपाठ मोठ्या स्पर्धेत, ज्या रेसमध्ये चूक सगळ्यात महाग त्याच रेसमध्ये ती पोडियमवर. प्योंगचांगची स्प्रिंट पण उघडून बघा, संध्याकाळची रेस, थंडी, वारा, आणि तिचं शूटिंग 0+0, दहा पैकी दहा. दुसऱ्या नंबरच्या मार्टे ओल्सबुला 24.2 सेकंदांनी मागे टाकलं. साडेसात किलोमीटरच्या रेसमध्ये 24 सेकंद म्हणजे खूप झाले, हिशोब केला तर जवळपास एक पूर्ण पेनल्टी लूप, म्हणजे एखादी गोळी चुकली असती तरी कदाचित जिंकलीच असती.

आणि इथून पर्सूट कसं वाचायचं ते येतं. स्प्रिंटमधले पहिले 60 जण पर्सूटला, आणि स्प्रिंटमध्ये जितके सेकंद मागे तितके सेकंद उशिरा सुटायचं. म्हणजे पर्सूटचा रिझल्ट एकटा वाचून काही उपयोग नाही, शेजारी स्प्रिंटचं शीट पाहिजेच. डालमायर प्योंगचांगला 24 सेकंदांची आघाडी घेऊन सुटली, वीस गोळ्यांत एकच चुकवली आणि 29.4 सेकंदांनी जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये स्प्रिंट आणि पर्सूट दोन्ही जिंकणारी ती पहिली बाई. पण होखफिल्त्सन 2017 जास्त मजेशीर आहे कारण तिथे ती स्प्रिंटला गाब्रिएला कौकालोवाच्या मागे दुसरी होती, म्हणजे पर्सूटला मागून सुटली आणि पुढे जाऊन गोल्ड घेतलं. आघाडी टिकवणं वेगळं आणि मागून येऊन जिंकणं वेगळं, ही दोन पर्सूट शेजारी ठेवली की तिला दोन्ही जमायचं हे दिसतं.

वेळेचे कॉलम पण बघा. मोठ्या स्पर्धांच्या ॲनालिसिस शीटमध्ये ट्रॅकवरचा वेळ, रेंजवरचा (शूटिंगच्या जागेवरचा) वेळ आणि प्रत्यक्ष शूटिंगचा वेळ वेगवेगळा दिलेला असतो. इंटरनॅशनल बायथलॉन युनियनच्या साइटवर जुने रिझल्ट सापडतात. दोन खेळाडूंच्या चुका सारख्या असतील तर फरक कुठे पडला ते इथेच कळतं, कधी कधी तर अख्खी रेस शूटिंगच्या मॅटवर जास्त वेळ घेतल्यामुळे गेलेली असते, टीव्हीवर ते लक्षातच येत नाही.

एक रेस झाली की मग सलगपणा शोधायचा. कॅलेंडर घ्या आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रेस ओळीने लिहा. डालमायरच्या बाबतीत 2016 ओस्लोच्या पाच आणि 2017 होखफिल्त्सनच्या सहा, या लागोपाठ 11 रेसमध्ये मेडल आहे, होखफिल्त्सनला सहापैकी पाच गोल्ड आणि एक सिल्व्हर. ज्या खेळात वाऱ्याची एक झुळूक आली की नंबर वन माणूस तिसाव्या नंबरला जातो तिथे सलग 11! एकूण 7 गोल्ड, 3 सिल्व्हर, 5 ब्राँझ हा आकडा वाचून हे अजिबात जाणवत नाही, म्हणून एकूण आकडा सगळ्यात शेवटी बघा.

वर्ल्ड कपची एकूण ट्रॉफी, म्हणजे क्रिस्टल ग्लोब, ही वेगळी परीक्षा. ती पूर्ण हिवाळाभरच्या पॉइंटवर मिळते. जी लीडर असते तिच्या अंगावर नंबर लिहिलेली पिवळी बिब असते, फोटोत ती दिसली की समजायचं त्या दिवशी हीच पुढे होती. नॉयनरने ग्लोब तीनदा घेतला, 2008, 2010, 2012, म्हणजे शेवटच्या सीझनला सुद्धा नंबर वन असतानाच गेली. डालमायरचा एकच, 2016-17 चा. इथे नॉयनर सरळ पुढे आहे, आणि मला वाटतं दोघींची तुलना करणारे लोक हा भाग सोयीने गाळतात.

ग्लोबचे आकडे वाचताना मात्र न खेळलेल्या रेस मोजा. डालमायर 2018-19 ला आजारपणामुळे उशिरा उतरली, त्यामुळे त्या वर्षीची तिची एकूण रँक बघून फॉर्म गेला असं म्हणाल तर फसाल, कारण त्याच सीझनला ऑस्टरसुंडच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये स्प्रिंट आणि पर्सूट दोन्हीला ब्राँझ आहे. मे 2019 मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली. नंतर ती डोंगरातच रमली, गिर्यारोहण, माउंटन रेस्क्यू, टीव्हीवर बायथलॉनची एक्स्पर्ट म्हणूनही काम, आणि 28 जुलै 2025 ला पाकिस्तानात काराकोरममधल्या लैला पीकवर दगड कोसळून 31 व्या वर्षी गेली. तिच्याबद्दल आता सर्च केलं की बहुतेक हीच बातमी वर येते आणि रेस खाली दबतात, म्हणून सर्चमध्ये वर्ष आणि ठिकाण टाका, होखफिल्त्सन 2017 पासून सुरुवात करा.

हात बसवायचा असेल तर पुढची केस जर्मनीचीच डेनिस हेरमान घ्या. ती मुळात क्रॉस-कंट्री स्कीइंगची, 2014 ला सोचीत त्याच खेळात रिलेचं ब्राँझ, मग बायथलॉनकडे वळली. म्हणजे पाय तयार, नेम नंतर शिकलेला. वरच्या हिशोबाने तिचं ऑलिम्पिक गोल्ड कुठल्या रेसमध्ये यायला हवं? स्प्रिंट किंवा पर्सूट म्हणाल. आता बीजिंग 2022 ची 15 किलोमीटर इंडिव्हिज्युअल उघडा, वीसपैकी एकोणीस, एक चूक, गोल्ड. मग तिच्या आधीच्या सीझनची इंडिव्हिज्युअलची शीट काढून उभ्याचे आकडे एकाखाली एक लिहा आणि कुठल्या वर्षापासून बदललेत ते शोधा.