बोका घरात फवारे मारतो, तेव्हा काय करावं?

बोका पडद्याकडे पाठ करून उभा राहतो. शेपूट ताठ वर जाते, टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि पडद्यावर ओला ओघळ उतरतो. हा फवारा. साधी लघवी तो खाली बसून करतो आणि तेव्हा जमिनीवर चांगलं थारोळं होतं. आधी हा फरक ओळखा.

बोका पुन्हापुन्हा कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं असेल तर पुढचं वाचत बसू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तडक डॉक्टरांकडे न्या.

१. नसबंदी करून घ्या. वयात आलेला बोका फवाऱ्याने आपली हद्द आखतो आणि माद्यांना आपली खबर देतो. त्यामागे टेस्टोस्टेरॉन हे नर हार्मोन असतं, लघवीचा तो उग्र दर्पही त्याचाच. शस्त्रक्रियेनंतर १० पैकी साधारण ९ बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं. मात्र दुसऱ्याच दिवशी फरक दिसेल असं समजू नका. हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात. सवय मुरण्याआधी, पाच महिन्यांच्या आसपास केलेलं सगळ्यात चांगलं. ‘मोठा झाला की बघू’ म्हणत थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती.

२. वास मुळापासून काढा. नुसत्या साबणाने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, बोक्याच्या नाकाला येतच राहतो, आणि तो पुन्हा तिथेच फवारतो. एन्झाइमवालं (लघवीचे घटक मोडून वास घालवणारं) क्लीनर वापरा, बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं राहू द्या. जुने डाग अंधारात यूव्ही टॉर्चने सापडतात. अमोनियावालं क्लीनर नको, त्याचा वास लघवीसारखाच असतो. ब्लीच तर अजिबात नको. लघवीशी मिसळून विषारी वायू तयार होतो. जागा वाळली की तिथे त्याची खाण्याची वाटी ठेवा. जेवतो तिथे बोका सहसा फवारत नाही.

३. चिडण्याची कारणं कमी करा. खिडकीतून बाहेरचा बोका दिसत असेल तर काचेचा खालचा भाग कागदाने झाका. घरात जितकी मांजरं, त्याहून एक लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा ट्रे) जास्त, आणि घाण रोज काढायची.

ओरडू नका, मारू नका, फवारलेल्या जागी त्याचं नाक तर मुळीच घासू नका. घाबरलेला बोका आणखी फवारतो.

नसबंदीला दोन-तीन महिने होऊनही फवारे चालूच असतील तर लघवीची तपासणी करून घ्या. कधी मूत्राशयाची सूज निघते, तर कधी खरं कारण भीती असते. भीतीवरही औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच द्यायची.