प्रोटीन ‘आत गेलं’ म्हणण्याआधी या चुका टाळा

मायटोकॉन्ड्रियात किंवा ईआरमध्ये (पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये) प्रोटीन शिरलं की नाही, हे तपासायची रीत दिसायला सोपी आहे. बाहेरून प्रोटीनेज के हे प्रोटीन कापणारं एन्झाइम घालायचं. बाहेर राहिलेलं सगळं ते फस्त करतं, मेम्ब्रेनच्या (पडद्याच्या) आड गेलेलं वाचतं. मग जेल चालवून, म्हणजे प्रोटीन वजनानुसार वेगळी करून, बँड बघायचा. सोपी वाटते म्हणूनच दर वर्षी नवी मुलं त्याच ठिकाणी आपटतात.

माझं डोकं सर्वांत जास्त फिरवणारी चूक म्हणजे डिटर्जंटचा कंट्रोल न लावणं. बँड वाचला म्हणजे प्रोटीन आत आहे असं मुळीच नाही. घट्ट घडी पडलेलं किंवा गोळा झालेलं प्रोटीन बाहेर असूनही प्रोटीनेजला दाद देत नाही. म्हणून एका ट्यूबमध्ये ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून मेम्ब्रेन विरघळवायचं आणि तेवढंच प्रोटीनेज द्यायचं. तिथे बँड नाहीसा झाला, तरच आधीचा बँड मेम्ब्रेनने वाचवला असं म्हणता येतं.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याने असाच देखणा बँड आणला होता. पोस्टरचं शीर्षकही ठरलं होतं. ट्रायटनची लेन (जेलवरची त्या ट्यूबची पट्टी) कुठे आहे विचारलं, तर म्हणे जेलवर जागा नव्हती! प्रयोग पुन्हा करायला लावला. ट्रायटन घातलं तरी बँड जसाच्या तसा. मग मायटोकॉन्ड्रिया न घालता, प्रोटीन ज्यात बनवलं त्या नुसत्या लायसेटवर प्रोटीनेज सोडलं, तरीही बँड जागचा हलेना. प्रोटीन लायसेटमध्येच गोळा होत होतं आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर मायटोकॉन्ड्रियाबरोबर तळाशी बसत होतं. गंमत म्हणजे पहिल्या जेलनेही हे सांगितलं होतं. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या गाभ्यात, पोचलेल्या प्रोटीनचा प्रीसिक्वेन्स (पुढच्या टोकाचा पत्ता) तिथलं पेप्टिडेज कापतं आणि बँड खाली सरकतो. याचा बँड प्रीकर्सरच्याच, म्हणजे न कापलेल्या प्रोटीनच्याच, उंचीवर होता. व्हॅलिनोमायसिनची लेन लावली असती तरी भांडं फुटलं असतं, कारण त्याने आतल्या मेम्ब्रेनवरचं पोटेन्शियल (विद्युत दाब) घालवलं की प्रीसिक्वेन्सवालं प्रोटीन ते ओलांडूच शकत नाही.

तेव्हापासून या लेन नसतील तर मी जेल हातातच घेत नाही. लायसेटही इम्पोर्टआधी १,००,००० जी वर फिरवून घ्यायला लावते. अर्धा तास जातो, पण गोळे तिथेच गळतात. लेन वाचवून कोणाचं काय भलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी चूक नेमकी उलटी: सगळ्या लेन रिकाम्या, आणि निष्कर्ष काय, तर इम्पोर्ट झालंच नाही. बहुतेक वेळा दोष प्रोटीनेज न थांबवण्याचा असतो. एसडीएस (सॅम्पल बफरमधलं, प्रोटीन उलगडणारं डिटर्जंट) घातलं की एन्झाइम मेलं, असं धरून चालतात. प्रोटीनेज के एसडीएसमध्येही मजेत काम करतं, शिवाय आता बाकीची प्रोटीन्स उलगडलेली, म्हणजे त्याच्यासमोर ताट वाढलेलं. त्याला आधी पीएमएसएफ या रोधकाने थांबवावं लागतं, आणि पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ७.५ ला, खोलीच्या तापमानात, तासाभरात निम्मं संपतं. सकाळी बफरमध्ये मिसळून संध्याकाळी वापरलेलं पीएमएसएफ म्हणजे नुसता बफर. स्टॉक आयसोप्रोपॅनॉलमध्ये ठेवा, ऐन वेळी घाला, बर्फावर दहा मिनिटं थांबा. सॅम्पल बफरमध्येही थोडं घाला आणि ट्यूब थेट ९५ अंशांच्या ब्लॉकमध्ये ठेवा. सॅम्पल बफर घालून चहाला जाणाऱ्यांनी नंतर माझ्याकडे येऊ नये. हातमोजेही घाला, पीएमएसएफ विषारी आहे.

मायक्रोसोम (ईआरचे वेगळे काढलेले फुगे) ट्रान्सलेशन, म्हणजे प्रोटीन बनणं, संपल्यावर घालू नका. सस्तन प्राण्यांच्या ईआरमध्ये बहुतेक प्रोटीन्स तयार होता होताच शिरतात. साखळी बनत असतानाच मायक्रोसोम हजर असावे लागतात, हे ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांनी १९७५ मध्येच दाखवलं. यीस्टचा अल्फा फॅक्टर (हेही एक प्रोटीन) नंतरही जातो, पण त्याच्या जोरावर सगळ्यांना तोच नियम लावू नका.

जीएफपी (चमकणारं खुणेचं प्रोटीन) कुठल्या टोकाला लावायचं, याचा विचार क्लोनिंगच्या आधी करा. मायटोकॉन्ड्रियाच्या प्रीसिक्वेन्सपुढे लावलं तर पत्ता झाकला जातो. पेरॉक्सिसोमचा एसकेएल हा पत्ता सी-टोकाला (साखळीच्या शेवटी) असतो, तिथे लावलं तरी तेच. आणि जिवाणूत सेक मार्गाने पेरिप्लाझममध्ये (त्याच्या दोन मेम्ब्रेनमधल्या जागेत) पाठवलेलं साधं जीएफपी चमकत नाही, कारण तो मार्ग साखळी उलगडलेलीच नेतो. घडी घातलेलं न्यायला टॅट मार्ग लागतो. ‘चमकलं नाही म्हणजे गेलं नाही’ हे इथे चालत नाही.

यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियाच्या बफरमध्ये ०.६ मोलर सॉर्बिटॉल विसरू नका, नाहीतर बाहेरचं मेम्ब्रेन फुटतं आणि दोन मेम्ब्रेनमधल्या जागेतली प्रोटीन्सही प्रोटीनेजच्या तोंडी जातात.

ईआरच्या प्रयोगात बँड जागेवरच दिसला म्हणून लगेच निराश होऊ नका. ईआरचा पत्ता सांगणारा सिग्नल कापला गेल्याने वजन साधारण २ किलोडाल्टन घटतं आणि शर्करेची एक साखळी लागली की जवळपास तेवढंच वाढतं. एन्डो एच (ती शर्करा कापणारं एन्झाइम) देऊन जेल पुन्हा चालवा. बँड खाली आला तर प्रोटीन आत पोचलं होतं.