गॅलियमची साय आणि पेपरवरची नावं

जळगावात एप्रिल-मेमध्ये गॅलियमची बाटली टेबलावर ठेवली तर आतला धातू पाण्यासारखा हलतो. गॅलियम २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्या दिवसांत आमची लॅब रात्रीसुद्धा त्याच्या खाली येत नाही. डिसेंबरात मात्र तो गोठतो. हे मला ठाऊक होतं. तो गोठताना बर्फासारखा फुगतो, सुमारे तीन टक्के, हे वाचलं होतं पण मनावर घेतलं नव्हतं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका सकाळी लॅब उघडली तर लूपमधली, म्हणजे गॅलियम फिरवायच्या नळ्यांच्या बंद वेटोळ्यातली, काचेची खिडकी तडकलेली आणि भेगेतून चंदेरी गोळा बाहेर आलेला. आदल्या तीन रात्रीही तेवढीच थंडी होती, तेव्हा काही झालं नव्हतं. गॅलियम वितळणबिंदूच्या बराच खाली जाऊनही द्रवच राहू शकतो, आणि मग एखाद्या रात्री एकदम धरतो. तेव्हा द्रवधातूंच्या या विषयात येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: काल काही झालं नाही म्हणून आज होणार नाही, असं धरून चालू नका. रात्री लूप रिकामा करूनच घरी जा.

मी यावल तालुक्यातला, केळीवाल्या घरातला. मेकॅनिकलची पदवी घेतली, दोन वर्षं नोकरी केली आणि मग द्रवधातूंच्या हीट ट्रान्सफरवर पीएचडीला नाव घातलं. आता खान्देशातली मुलं फोन करतात, विषय कसा आहे, पेपर कसे होतात, नाव पहिलं लागतं का. पहिले दोन प्रश्न आणि तिसरा प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. का, ते सांगतो.

पदवीला आपण सगळे डिटस-बोल्टरचं सूत्र घोकतो. नुसेल्ट संख्या म्हणजे ०.०२३ गुणिले रेनॉल्ड्सचा ०.८ घात गुणिले प्रांटलचा ०.४ घात. नुसेल्ट सांगते भिंतीतून द्रवात उष्णता किती जोमाने जाते, रेनॉल्ड्स सांगते प्रवाह किती खळबळलेला आहे, आणि प्रांटल सांगते द्रवाचा चिकटपणा त्याच्या उष्णता पसरवण्याच्या मानाने किती आहे. मीही घोकलं आणि पहिल्या वर्षी तेच वितळलेल्या सोडियमला लावलं. पाण्याला, हलक्या तेलाला ते चालतं, कारण त्यांची प्रांटल संख्या ०.७ च्या वर असते. सोडियमची असते ०.००५ च्या आसपास. धातूतून उष्णता स्वतःच इतकी वेगाने पसरते की भोवऱ्यांनी द्रव घुसळला गेला काय नि न गेला काय, फार फरक पडत नाही. पाण्यात भिंतीलगतचा पातळ थर उष्णतेला अडवून धरतो आणि मधला भाग घुसळून एकजीव होतो. धातूत उष्णता त्या थरातून सरळ मध्यापर्यंत चालत जाते. म्हणून इथे रेनॉल्ड्स आणि प्रांटल यांचा गुणाकार, म्हणजे पेक्ले संख्या, हाच कामाचा आकडा.

एक गणित स्वतः करून बघा. सोडियम, रेनॉल्ड्स ५०,०००, प्रांटल ०.००५, म्हणजे पेक्ले २५०. पाठ केलेलं सूत्र लावलं तर नुसेल्ट येते जवळपास १६. लायनने १९५१ मध्ये दिलेलं सूत्र, ७ अधिक ०.०२५ गुणिले पेक्लेचा ०.८ घात, लावलं तर ९. सेबान आणि शिमाझाकी यांचं त्याच वर्षीचं सूत्र सातच्या जागी ५ घेतं, उत्तर ७. आणि ल्युबार्स्की व कॉफमन यांनी १९५५ मध्ये तोवरचे प्रयोग गोळा करून जे बसवलं, ०.६२५ गुणिले पेक्लेचा ०.४ घात, त्याने येतं ५.७. नळी तीच, प्रवाह तोच, उत्तरं १६ पासून ६ च्या खालपर्यंत. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा वहीच बंद करावीशी वाटली होती.

पण ५ आणि ७ यांचं भांडण नाही. लायनचं सूत्र भिंतीतून सगळीकडे सारखी उष्णता येत असताना आहे, सेबान-शिमाझाकींचं भिंतीचं तापमान सारखं असताना. हे मला कोणत्याही गाईडबुकातून कळलं नाही, मूळ लेखापर्यंत गेल्यावर कळलं. आणि मूळ लेखापर्यंत जायची सवय लागली ती विंटरटन यांच्या १९९८ मधल्या दोन पानी टिपणाने. डिटस-बोल्टर समीकरण आलं कुठून, एवढंच त्यांनी तपासलं. डिटस आणि बोल्टर यांचा १९३० चा लेख मोटारीच्या रेडिएटरवर होता. त्यात ०.०२३ हा आकडाच नाही; तापवताना ०.०२४३ आणि थंड करताना ०.०२६५ असे दोन वेगळे आहेत. आपण घोकतो ते रूप पुढे मॅकअॅडम्स यांच्या १९४२ च्या पाठ्यपुस्तकातून रूढ झालं. जगभरातले विद्यार्थी एका नावाने दुसऱ्याचं सूत्र लिहितात आणि उताऱ्यावरून उतारा घेत तीच चूक पुढे जाते. ते टिपण वाचलं त्या दिवसापासून मी प्रत्येक सूत्राजवळ वहीत तीन गोष्टी लिहितो: कोणी दिलं, कोणत्या द्रवावर, भिंतीची कोणती अट धरून. तुम्हीही पहिल्या महिन्यापासून लिहा. गाईडसरांनी मागितलं नाही तरी लिहा.

आता प्रयोगाकडे. सोडियमला कॉलेजच्या लॅबमध्ये हात लावू नका, हे मी मनापासून सांगतो. पाण्याशी आणि दमट हवेशी त्याचं वैर आहे. कल्पाक्कमला १९८५ पासून सोडियमवर चालणारी फास्ट ब्रीडर टेस्ट रिअॅक्टर आहे. तिथल्या लोकांकडे त्याची शिस्त आहे, आपल्याकडे नाही. १९९५ च्या डिसेंबरात जपानच्या मोंजू अणुभट्टीत प्रवाहाच्या थरथरीने थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांची, नळी तुटली, सोडियम बाहेर आला आणि आग लागली. म्हणून सुरुवात गॅलियमने करा. त्याची वाफ पाऱ्यासारखी त्रास देत नाही. पण अॅल्युमिनियमपासून त्याला लांब ठेवा. आमच्याकडे एका अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चुकून थेंब राहिला होता. दुसऱ्या दिवशी पट्टी बोटांनी मोडली, बिस्किटासारखी. स्टेनलेस स्टील वापरा.

माझा लूप उभा राहिला, खिडकी बदलली, रीडिंग सुरू झाली आणि सगळी नुसेल्ट लायनच्या सूत्रापेक्षा एक तृतीयांशाने कमी. थर्मोकपल तपासले, पंप तपासला, गणित तीनदा केलं. तीन आठवडे गेले. आमच्या लॅबमधले काका, लॅब असिस्टंट, कधीकाळी एमआयडीसीत टिग वेल्डिंग करायचे. मी गॅलियम बाहेर काढत होतो तेव्हा ते वाकून बघत होते. म्हणाले, "भाऊ, याला साय धरलीय. वर दिसते तेवढीच नसेल, नळीच्या आतून पण चिकटली असेल." खरंच, वर करडी, सुरकुतलेली साय होती, तापवून ठेवलेल्या दुधासारखी. ते ऑक्साइड. धातू आणि भिंत यांच्यात ते बसलं की उष्णतेच्या वाटेत आणखी एक अडथळा. मग त्यांनीच सांगितलं, "टिगला आपण आर्गॉन सोडतो ना, तसा इथे सोडून बघ." सिलिंडर त्यांच्याच ओळखीच्या वेल्डिंगच्या दुकानातून आला. सगळं धुऊन, हवा लागू न देता आर्गॉन वायूखाली भरलं. रीडिंग वर आली. जुन्या प्रयोगांचे आकडे सिद्धांतापेक्षा कमी का येत, याच्या कारणांत भिंतीला धातू नीट न चिकटणं आणि मळ ही कारणं लोकांनी कधीच नोंदवली होती. मी ती वाचूनही माझ्या लूपमध्ये पाहिली नव्हती. काकांनी न वाचता पाहिली.

त्यावर पहिला पेपर झाला. त्यावर तीन नावं होती. त्यांतल्या एका माणसाने लूप कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पदामुळे नाव घालावं लागलं, मी नाही म्हणालो नाही. काकांचं नाव शेवटच्या आभारात, तेही "तांत्रिक साहाय्य" म्हणून. पेपर छापून आला त्या दिवशी ते पेढे घेऊन आले होते. ते मला अजून बोचतं.

नियम काय म्हणतात ते तेव्हा मी वाचले नव्हते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी दिल्या आहेत आणि इतर शाखांतही त्या मार्गदर्शक मानल्या जातात. कामाच्या कल्पनेत, मोजमापात किंवा विश्लेषणात भरीव वाटा. मसुदा लिहिणं किंवा तो समजून त्यात सुधारणा करणं. छापण्याआधी अंतिम संमती. आणि कामाची जबाबदारी घेणं. चारही लागतात. निधी आणला, खुर्ची दिली, विभागप्रमुख आहेत, एवढ्याने लेखकपद मिळत नाही. नुसत्या वेल्डिंगनेही मिळत नाही, हे मान्य. पण चूक कशात आहे हे ज्याने ओळखलं आणि उपाय सुचवला त्याचा पहिला वाटा पक्का होता. राहिलेल्या अटी पुऱ्या करायची संधी त्यांना द्यायला हवी होती. ती आम्ही दिलीच नाही.

कोणी म्हणतं, इंग्रजी लिहिता येत नाही तो लेखक कसा? आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी त्यांची, कागदावर उतरवली सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या पश्चात, संग्रह आला तो आईच्याच नावाने. लिहिणारा हात आणि सांगणारं डोकं यांतला फरक खान्देशाला शिकवावा लागू नये.

व्यवहाराचं थोडं. प्रयोग सुरू व्हायच्या आधी गाईडसमोर बसून एका कागदावर नावं आणि क्रम लिहा, तारीख टाका, आणि काम बदललं तर कागद बदला. भांडण झाल्यावर हे बोलता येत नाही. कोणी काय केलं हे लिहायला क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची पद्धत आहे, ती वापरा. वही रोज, पेनाने. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांवरचं साम्य दंडाच्या कक्षेत येतं, पण सॉफ्टवेअरचा आकडा कमी आला म्हणजे काम आपलं झालं असं नव्हे. २०२२ च्या पीएचडी नियमावलीने प्रबंधाआधी पेपर छापण्याची देशपातळीवरची सक्ती काढली आहे. आपल्या विद्यापीठाचा नियम मात्र वेगळा वाचून घ्या. पैसे भरून आठ दिवसांत छापणाऱ्यांकडे जाऊ नका, कितीही घाई असली तरी.

दुसऱ्या पेपरच्या वेळी मी गाईडसरांशी आधीच बोललो. ते लगेच हो म्हणाले. मीच उगीच दोन वर्षं घाबरलो होतो. अडचण वेगळीच आली. नियतकालिकाला प्रत्येक लेखकाचा ईमेल लागतो, काकांकडे नव्हता. त्यांच्या मोबाइलवर काढून दिला. मग दोन संध्याकाळी लूपशेजारी बसून मी त्यांना पूर्ण मसुदा मराठीत सांगितला, आलेख एकेक करून दाखवले. ते मध्ये काही बोलले नाहीत. शेवटी चष्मा लावून त्यांनी पहिली आकृती जवळ ओढली आणि लूपच्या चित्रावर बोट ठेवलं.

"भाऊ, आर्गॉनचा व्हॉल्व्ह पंपाच्या अलीकडे आहे. तू पलीकडे काढलाय."

मी उठून लूपपाशी गेलो. व्हॉल्व्ह अलीकडेच होता.